वारा, चाक आणि नियम : शर्यतीच्या सायकलवरील मागील चकतीचाकाच्या इतिहासाचा विचार

१

२३ जानेवारी १९८४ रोजी मेक्सिको सिटी येथील ऑलिंपिक व्हेलोड्रोममध्ये इटलीचा सायकलपटू फ्रान्चेस्को मोझर याने एका तासात ५१.१५१ किलोमीटर अंतर तोडले. चारच दिवसांपूर्वी, १९ जानेवारीस, त्याच धावपट्टीवर त्याने ५०.८०८ किलोमीटरची नोंद केली होती. त्यापूर्वीचा उच्चांक बेल्जियमच्या एडी मर्क्सचा होता. मर्क्सने तो १९७२ च्या ऑक्टोबर महिन्यात याच ठिकाणी ४९.४३१ किलोमीटर अंतर कापून प्रस्थापित केला होता आणि अकरा वर्षांहून अधिक काळ तो अबाधित राहिला होता. मोझरचे वय त्या वेळी ३२ वर्षांचे होते. पाहणाऱ्यांचे लक्ष मात्र त्याच्या वयापेक्षा त्याच्या सायकलकडे अधिक गेले. कारण तिच्या दोन्ही चाकांना आरे नव्हते. रिमपासून हबपर्यंत दोन्ही बाजूंनी सपाट, किंचित फुगीर पृष्ठभाग असलेल्या त्या चकत्या होत्या.

या घटनेने जगातील शर्यतीच्या सायकलींचे रूप पालटले. तथापि तिच्यामुळे जे प्रश्न उभे राहिले ते एका जातीचे नव्हते. पहिला प्रश्न व्याख्येचा होता : अशा चकतीला चाक म्हणावे, की वारा चुकविण्यासाठी चाकावर चढविलेले आवरण म्हणावे ? दुसरा प्रश्न वर्तनाचा होता : उघड्या रस्त्यावर, आडव्या वाऱ्यात, हे चाक स्वाराला सुरक्षितपणे हाताळता येईल काय ? पहिल्या प्रश्नाचे उत्तर नियमांच्या शब्दांत शोधता येते. दुसऱ्याचे उत्तर वाऱ्यात आणि स्वाराच्या हातात असते. चकतीचाकाच्या इतिहासात हे दोन प्रश्न वारंवार एकमेकांत मिसळले गेले. चाकाला परवानगी मिळाली ती व्याख्येच्या आधारावर. सुरक्षिततेचा विचार मात्र पुढील काळात सावकाश व अनुभवाच्या वाटेने झाला, आणि त्यातूनच ‘मागे चकती, पुढे आरे’ ही आज सर्वपरिचित असलेली रचना रूढ झाली. ही रचना का रूढ झाली व तिची मर्यादा कोठे आहे, हे दाखविणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

२

प्रथम शब्दांचा विचार करणे सोयीचे ठरेल. सायकलपटूंच्या बोलण्यात या चाकाला नुसते ‘डिस्क’ म्हणतात. परंतु अलीकडे सायकलींना ‘डिस्क ब्रेक’ही आले असल्यामुळे या शब्दाने घोटाळा होतो. डिस्क ब्रेकमधील चकती ही हबला जोडलेली तळहाताएवढी धातूची तबकडी असते. तिचा आणि येथे अभिप्रेत असलेल्या चाकाचा काही संबंध नाही. ‘भरीव चाक’ हा शब्दही योग्य नाही, कारण ही चाके बहुधा आतून पोकळ असतात, किंवा त्यांच्या दोन पापुद्र्यांमध्ये फेस अथवा मधाच्या पोळ्यासारखी हलकी जाळी असते. म्हणून येथे ‘चकतीचाक’ असा शब्द वापरला आहे.

फ्रेंच व इटालियन भाषांनी या वस्तूला दिलेले नाव अधिक अर्थपूर्ण आहे. फ्रेंचमध्ये तिला ‘रू लाँतिक्युलेर’ व इटालियनमध्ये ‘रुओता लेन्तिकोलारे’ म्हणतात. दोन्ही विशेषणांचे मूळ लॅटिन ‘लेन्स’ या शब्दात आहे, आणि त्याचा मूळ अर्थ मसूर असा आहे. मसुराचा दाणा मध्ये फुगीर व कडेला निमुळता असतो. त्याच आकारावरून काचेच्या भिंगाला ‘लेन्स’ हे नाव पडले आणि तोच आकार चाकालाही मिळाला. म्हणजे या नावात चाकाचा उपयोग नव्हे, तर त्याचा छेद सांगितलेला आहे. हबजवळ जाड व रिमकडे पातळ होत जाणारा हा छेद केवळ शोभेसाठी नाही. चाकाला बाजूने येणारा ताण सोसण्यासाठी मध्यभागी रुंदी लागते आणि हवा फाटू न देता वाहू देण्यासाठी कडेला निमुळतेपणा लागतो.

आरा हा शब्द तर भारतीय भाषांत अतिप्राचीन आहे. ऋग्वेदात ‘अर’ व ‘नेमि’ हे दोन्ही शब्द आढळतात आणि मराठीतील आरा हा त्या ‘अर’चाच वंशज होय. मात्र बैलगाडीच्या चाकातील आरा आणि सायकलच्या चाकातील आरा यांचे काम परस्परविरुद्ध आहे. बैलगाडीचा भार तुंब्यावरून खालच्या लाकडी आऱ्यांवर येतो व ते दाबाखाली उभे राहतात. सायकलच्या तारेला दाब सोसत नाही; ती ताणलेली असते आणि सर्व तारांच्या ताणावर चाकाचा समतोल टिकतो. असे ताणाच्या तारांचे चाक पॅरिसच्या यूजेन मायरने १८६९ मध्ये सायकलसाठी सिद्ध केले आणि १८७४ मध्ये कॉव्हेन्ट्रीच्या जेम्स स्टार्लीने तारा हबला स्पर्शरेषेत बसविण्याची पद्धत रूढ केली. हलकेपणाच्या दृष्टीने या चाकाला तोड नव्हती. त्यामुळे पुढे सुमारे शंभर वर्षे सायकलचे चाक म्हणजे तारांचे चाक हे समीकरण कोणालाही तपासून पाहावेसे वाटले नाही.

तारांच्या चाकाचा दोष वेगाबरोबर प्रकट होतो. सपाट रस्त्यावर ताशी ४० किलोमीटरच्या पुढे गेलेल्या स्वाराला होणाऱ्या विरोधापैकी सुमारे नऊ-दशांश विरोध हवेचा असतो. त्यात स्वाराच्या शरीराचा वाटा सर्वांत मोठा असला, तरी चाकांचा वाटाही नगण्य नसतो. जमिनीला टेकलेला चाकाचा बिंदू क्षणभर स्थिर असतो, हबची गती सायकलएवढी असते आणि चाकाचा माथा सायकलच्या दुप्पट वेगाने पुढे जात असतो. ताशी ५० किलोमीटरने जाणाऱ्या सायकलच्या चाकाच्या माथ्याजवळील तारा अशा रीतीने ताशी जवळजवळ १०० किलोमीटरने हवा कापत असतात. तारा नाहीशा केल्या म्हणजे हे घुसळणे थांबते. चकतीचाकाचे सर्व लाभ या साध्या गोष्टीतून उगम पावतात. आणि त्याचे सर्व धोकेही त्याच गोष्टीतून उगम पावतात, कारण तारांमधून आरपार जाणारा आडवा वारा आता अडविला जातो.

३

आंतरराष्ट्रीय सायकल संघाची स्थापना १९०० साली पॅरिस येथे झाली. वारा चुकविणाऱ्या साधनांविषयी या संघाची वृत्ती आरंभापासून साशंक होती. फ्रान्समधील एत्येन ब्यूनो-व्हारिला याने सायकलभोवती माशाच्या आकाराचे आवरण बसविले आणि मार्सेल बेर्ते याने १९१३ मध्ये ते वापरून वेगाचे प्रयोग केले. लगेच १९१४ मध्ये अशा साधनांना अधिकृत स्पर्धांत मनाई झाली. १९३३ मध्ये फ्रान्सिस फोर याने पाय पुढे पसरून बसण्याच्या सायकलवर एका तासात ४५.०५५ किलोमीटर अंतर तोडले, तेव्हा संघाने १९३४ मध्ये शर्यतीची सायकल म्हणजे काय याची व्याख्याच अशी बांधली, की ती सायकल तीत बसेना. दोन्ही प्रसंगी निर्णयाचा रोख सुरक्षिततेवर नव्हता. शर्यत माणसांची असावी, यंत्रांची नसावी, हे तत्त्व राखण्यासाठी सायकलचे रूप गोठविण्यात आले होते.

या पूर्वेतिहासाच्या पार्श्वभूमीवर १९८४ मध्ये चकतीचाकाला मान्यता कशी मिळाली हा प्रश्न स्वाभाविकपणे उद्भवतो. उत्तर भेदाच्या एका सूक्ष्म रेषेत आहे. वारा चुकविण्यासाठी सायकलवर चढविलेले आवरण निषिद्ध होते; परंतु मोझरच्या चाकातील चकती हे आवरण नव्हते. ती चाकाचा भार वाहणारा घटकच होती. तिला काढून टाकले तर मागे तारांचे चाक उरत नव्हते, काहीच उरत नव्हते. म्हणून ती चाकाचे अंग ठरली, उपांग ठरली नाही.

तर्क म्हणून हा भेद निर्दोष आहे. परंतु त्याचा एक परिणाम विचार करण्याजोगा आहे. साध्या तारांच्या चाकाच्या दोन्ही बाजूंना प्लास्टिकचे पातळ झाकण बसविले, तर वाऱ्याच्या दृष्टीने ते चाक जवळजवळ चकतीचाकासारखेच वागते, आणि त्याचा खर्च पुष्कळ कमी येतो. संघाच्या नियमांखाली होणाऱ्या शर्यतींत हे झाकण निषिद्ध राहिले. पोहणे, सायकल व धावणे या तिहेरी स्पर्धांच्या संघटनांनी मात्र मागच्या चाकावर ते चालवून घेतले. एकाच वाऱ्यात, एकाच रस्त्यावर, सारखेच वागणारे दोन पदार्थ एका नियमाने वेगळे व दुसऱ्या नियमाने एक ठरले. यावरून हे स्पष्ट होते की व्याख्येने दिलेली परवानगी म्हणजे सुरक्षिततेचा दाखला नव्हे. संघाने चकतीचाकाला ‘चाक’ म्हटले, एवढ्याने ते कोठे वापरावे आणि कोठे वापरू नये याचा निर्णय झालेला नव्हता.

४

तो निर्णय समजण्यासाठी आडवा वारा चाकावर काय करतो हे पाहिले पाहिजे.

शर्यतीच्या चाकाचा व्यास टायर धरून सुमारे ६८ सेंटिमीटर असतो. त्याची संपूर्ण चकती केली तर तिच्या एका बाजूचे क्षेत्रफळ सुमारे ०.३६ चौरस मीटर भरते. ताशी ३६ किलोमीटर, म्हणजे सेकंदास १० मीटर, वेगाने काटकोनात येणारा वारा दर चौरस मीटरला सुमारे ६० न्यूटन दाब देतो. ढोबळ हिशोबाने अशा चकतीवर २० ते २५ न्यूटन, म्हणजे दोन-अडीच किलोग्रॅम वजनाएवढे, बाजूचे बल येते. वाऱ्याचा वेग दुप्पट झाला तर हे बल चौपट होते. हा हिशोब उभ्या चकतीचा आहे. धावत्या सायकलवर समोरून येणारी हवा आणि बाजूचा वारा मिळून तिरपा झोत तयार होतो, आणि चकती विमानाच्या पंखासारखी वागू लागल्यामुळे बल यापेक्षाही वाढू शकते.

या तिरप्या झोताचा कोन स्वाराच्या वेगावर अवलंबून असतो ही गोष्ट विशेष महत्त्वाची आहे. ताशी ४५ किलोमीटरने जाणाऱ्या स्वाराला ताशी १२ किलोमीटरचा आडवा वारा लागला, तर झोत सुमारे १५ अंशांतून येतो. तोच वारा ताशी ३० किलोमीटरने जाणाऱ्या स्वाराला सुमारे २२ अंशांतून लागतो. म्हणजे निष्णात स्वाराच्या अनुभवावरून सामान्य स्वाराने निष्कर्ष काढणे धोक्याचे आहे. चाक तेच व रस्ता तोच असला, तरी दोघांना भेटणारा वारा एक नसतो.

आता हे बल पुढच्या चाकावर आणि मागच्या चाकावर कसे काम करते ते पाहू जाता मूलभूत फरक दिसून येतो. पुढचे चाक चिमट्यात बसविलेले असते, आणि चिमटा हँडलबरोबर फिरतो. तिरप्या झोतात चकतीवरील बल तिच्या बरोबर मध्यावर एकवटत नाही. ते मध्याच्या पुढे, हवेला प्रथम भिडणाऱ्या कडेकडे सरकते. त्यामुळे ते चिमट्याच्या फिरण्याच्या आसापुढे पडते व चाकाला वाऱ्याच्या दिशेने वळवू पाहते. स्वाराने हात न हलवताही हँडल त्याच्या हातात फिरते. वारा स्थिर असेल तर हा जोर हातांनी पेलता येतो. झोत अचानक आला तर हात उशिरा प्रतिकार करतात, आणि उशिरा केलेला प्रतिकार बहुधा गरजेपेक्षा जास्त असतो.

मागच्या चाकाला असा आस नाही. ते सांगाड्यात घट्ट बसलेले असते व त्याच्यावरील बल सांगाड्याच्या द्वारे टायर आणि रस्ता यांच्या पकडीवर जाते. त्याच्यावर स्वाराच्या वजनाचा मोठा वाटाही असतो. त्यामुळे मागच्या चकतीवर आलेला झोत सायकलला बाजूला ढकलतो व किंचित कलवतो, पण हँडल फिरवीत नाही. स्वाराला तो हातात जाणवण्याऐवजी बैठकीखाली जाणवतो. शिवाय मागचे क्षेत्रफळ वाढल्यामुळे वाऱ्याच्या एकूण दाबाचे केंद्र मागे सरकते, आणि बाणाला जसा शेपटीकडील पिसारा स्थिर ठेवतो त्याच प्रकारचा काहीसा परिणाम होतो. ही उपमा ताणू नये. बाण हवेत असतो, सायकलचे दोन्ही टायर जमिनीला धरून असतात. परंतु मागे चकती असलेल्या सायकलीस वाऱ्यात चालविणे अपेक्षेइतके अवघड का वाटत नाही, याचे स्पष्टीकरण तीत मिळते.

जड चाक फिरताना भोवऱ्यासारखे स्थिर राहते, म्हणून चकतीचाक सुरक्षित असते, असेही एक मत ऐकू येते. त्याला मोठासा आधार नाही. १९७० मध्ये डेव्हिड जोन्स या इंग्रज शास्त्रज्ञाने पुढच्या चाकाशेजारी उलट फिरणारे दुसरे चाक बसवून भोवऱ्याचा परिणाम नाहीसा केला, तरीही ती सायकल चालविता येत होती. स्वार बसलेल्या सायकलच्या तोलात चिमट्याची भूमिती व स्वाराचे हँडल हलविणे यांचे स्थान अधिक मोठे आहे. मागचे चाक तर हँडलबरोबर फिरतच नाही. तेव्हा मागच्या चकतीची सुरक्षितता तिच्या वजनात नसून तिच्या जागेत आहे, असेच म्हणावे लागते.

या संदर्भात आणखी एका गोष्टीचा निर्देश आवश्यक आहे. स्थिर वारा हा स्वाराचा खरा शत्रू नव्हे. सायकल व स्वार मिळून ८० किलोग्रॅम वजन असेल आणि बाजूचे एकूण बल ५ किलोग्रॅम वजनाएवढे असेल, तर स्वार वाऱ्याकडे साडेतीन अंश झुकून तोल सांभाळतो, आणि पुष्कळदा हे आपण करीत आहोत याची त्याला जाणीवही नसते. धोका असतो तो वारा एकाएकी थांबण्यात किंवा सुरू होण्यात. घरांची रांग संपून मोकळे शेत लागणे, पुलावर येणे, मोठी मालमोटार शेजारून निघून जाणे, अशा प्रसंगी झुकलेल्या स्वाराचा आधार क्षणात निघून जातो, किंवा सरळ बसलेल्या स्वारावर तो क्षणात येऊन आदळतो. चकतीचाक हा बदल मोठा करते. तो निर्माण करीत नाही.

५

मोझरचा विक्रम बंदिस्त आखणीच्या धावपट्टीवर झाला होता. रस्त्यावरील कसोटी त्याच वर्षी आली. १० जून १९८४ रोजी इटलीच्या जिरो शर्यतीचा अखेरचा टप्पा सोआवे ते व्हेरोना असा ४२ किलोमीटरचा होता. या टप्प्यात स्वार एकेक करून सुटत होते. फ्रान्सचा लोराँ फिन्यों त्या दिवशी सकाळी मोझरच्या १ मिनिट २१ सेकंद पुढे होता. चकतीचाके लावलेल्या मोझरने त्या टप्प्यात त्याला २ मिनिटे २४ सेकंदांनी मागे टाकले आणि एकूण शर्यत १ मिनिट ३ सेकंदांनी जिंकली. या यशाचे श्रेय एकट्या चाकांना देणे चुकीचे होईल. मोझरची सर्व तयारीच नव्या शास्त्रीय पद्धतीची होती. त्या काळी निषिद्ध नसलेली रक्तसंक्रमणाची पद्धत आपण अवलंबिली होती, असेही त्याने पुढे स्वतः मान्य केले. परंतु लोकांच्या दृष्टीला चाके दिसत होती, रक्त दिसत नव्हते. आणि थोड्याच वर्षांत वेळेविरुद्धच्या एकेरी शर्यतीत चकतीचाक नसलेला मातब्बर स्वार विरळा झाला.

पाच वर्षांनी, २३ जुलै १९८९ रोजी, फ्रान्सच्या टूर शर्यतीचा शेवट व्हर्साय ते पॅरिस या २४.५ किलोमीटरच्या एकेरी टप्प्याने झाला. अमेरिकेचा ग्रेग लेमाँड फिन्योंच्या ५० सेकंद मागे होता व तो ८ सेकंदांनी शर्यत जिंकला. त्या विजयाची चर्चा बहुधा लेमाँडच्या पुढे वाढविलेल्या हँडलपट्ट्यांभोवती फिरते. प्रस्तुत विषयाच्या दृष्टीने त्याची चाके अधिक उद्बोधक आहेत. मागे चकतीचाक होते, आणि पुढे चपट्या तारांचे चाक होते. फिन्योंच्याही सायकलला मागे चकती होतीच. म्हणजे मागील चकती आता कोणाचे वैशिष्ट्य राहिले नव्हते, ती गृहीत धरली जात होती. मोझरपासून लेमाँडपर्यंतच्या या पाच वर्षांत स्वारांनी पुढच्या आणि मागच्या चाकांत भेद करण्यास आरंभ केला होता, ही खरी महत्त्वाची घटना होय.

या भेदात एक विरोधाभास आहे. पुढचे चाक स्वच्छ, न घुसळलेल्या हवेला भिडते. मागचे चाक बैठकीच्या नळीच्या व स्वाराच्या पायांच्या आडोशाला असते. तेव्हा वाऱ्याचा विरोध कमी करण्याचा लाभ पुढे अधिक मिळण्याजोगा असतो. जेथे लाभ अधिक तेथेच धोकाही अधिक, आणि म्हणून स्वारांनी लाभाचा तो वाटा सोडून दिला. रस्त्यावर पुढे उंच रिमचे, पण तारा असलेले किंवा तीन रुंद पात्यांचे चाक आणि मागे चकती, ही तडजोड एखाद्या नियमाने प्रथम सांगितलेली नव्हती. ती रस्त्याने शिकविली.

सामूहिक शर्यतीत मात्र नियमाने स्पष्ट भूमिका घेतली. शेकडो स्वार हँडलाला हँडल लावून जात असताना एकाची सायकल हातभर सरकली तर तो एकटा पडत नाही. म्हणून रस्त्यावरील सामूहिक शर्यतींत चकतीचाकाला मज्जाव असून किमान १२ आऱ्यांची, आणि आऱ्यांच्या छेदावर मर्यादा असलेली, चाके ही सर्वसाधारण मर्यादा ठरली. त्यांहून वेगळ्या घडणीच्या चाकांसाठी आघाताच्या चाचणीची अट आली. आघातानंतर चाकाचे तुकडे उडू नयेत व धारदार कडा उघड्या पडू नयेत, हा तिचा आशय होता. येथे नियमाची भाषा बदलली हे ध्यानात घेण्याजोगे आहे. ‘हे चाक आहे काय’ असे न विचारता ‘हे चाक मोडले तर शेजाऱ्याचे काय होईल’ असे तो विचारू लागला.

मागची चकती सर्वत्र निर्धोक आहे, असा निष्कर्ष मात्र यावरून काढता येत नाही. हवाई बेटावरील आयर्नमॅन ही तिहेरी स्पर्धा १९८१ पासून मोठ्या बेटावर भरू लागली. तिचा सायकलमार्ग झाडोरा नसलेल्या लाव्हाच्या पठारांतून जातो आणि कोहाला डोंगराच्या उतारावरून येणारे आडवे वारे तेथे प्रसिद्ध आहेत. त्या स्पर्धेत मागच्या चकतीलाही दीर्घ काळ मनाई होती. जेथे आडोसा नाही, वारा झोतांनी येतो, आणि भाग घेणाऱ्यांत व्यावसायिकांबरोबर मोठ्या संख्येने हौशी स्वार असतात, तेथे मागच्या चकतीचा गुणही पुरेसा मानला गेला नाही.

१२ जून २०१९ रोजीचा ख्रिस फ्रूमचा अपघात या संबंधात आठवतो. फ्रान्समधील दोफिने शर्यतीत रोआन येथील एकेरी टप्प्याची पाहणी करीत असताना, चार वेळा टूर जिंकलेला हा स्वार भिंतीवर आदळला. त्याच्या मांडीचे हाड, कोपर व बरगड्या मोडल्या. त्याच्या संघाच्या प्रमुखांनी दिलेल्या माहितीनुसार त्याने नाक शिंकरण्यासाठी एक हात हँडलवरून काढला होता आणि नेमक्या त्या क्षणी वाऱ्याच्या झोताने पुढचे चाक ओढले. जगातील अत्यंत अनुभवी स्वारांपैकी एकाला, ओळखीच्या सायकलवर, क्षणभर एका हाताने जाणे इतके महागात पडले. झोत लागला तो पुढच्या चाकाला, आणि आवरणारा हात एकच होता. वर केलेल्या यांत्रिक विवेचनाशी हा प्रसंग जुळतो.

६

वारा हा चकतीचाकाच्या हाताळणीतील मुख्य विषय असला तरी एकमेव नाही. पूर्वीच्या चाकांत ब्रेकचे गुटके रिमवरच घासत. रिमचा तो भाग कार्बनचा असेल तर त्याला वेगळ्या जातीचे गुटके लागत. पाऊस असताना ब्रेक लागण्यास विलंब होई, आणि लांब उतारावर निर्माण झालेली उष्णता धातूच्या रिमप्रमाणे चटकन निघून जात नसे. हबला जोडलेले डिस्क ब्रेक संघाने जुलै २०१८ पासून रस्त्यावरील शर्यतींत कायमचे मान्य केल्यानंतर ही अडचण नव्या सायकलींपुरती दूर झाली. तथापि जुनी चाके वापरात आहेत, आणि विशेषतः नवशिके स्वार ती उसनी किंवा दुसऱ्या हाताने घेतात. तेव्हा गुटके कोणते आहेत हे पाहिल्यावाचून असे चाक रस्त्यावर नेणे योग्य नव्हे.

दुसरी बाब तपासणीची. तारांच्या चाकात बिघाड झाला की तो लपत नाही : तार तुटते, रिम डुगडुगते, ब्रेकला घासते. चकतीच्या आत पापुद्रे सुटले तर बाहेरून काही दिसत नाही. जाणते कारागीर बोटाने किंवा नाण्याने पृष्ठभागावर टकटक करून आवाज ऐकतात. सारखा येणारा आवाज एखाद्या जागी बोदा झाला, तर तेथे संशय धरतात. मडके घेताना ते वाजवून पाहण्याची गृहिणीची रीत आणि ही रीत मुळात एकच आहे. शिवाय हवा भरण्याचा व्हॉल्व्ह चकतीतील लहान खाचेत असल्याने पंपाचे सरळ तोंड तेथे पोहोचत नाही. वाकड्या तोंडाचा जोड लागतो. तो जवळ नसेल तर टायरमध्ये कमी हवा ठेवूनच शर्यतीला उभे राहण्याचा मोह होतो, आणि मागच्या चकतीची सारी सुरक्षितता टायरच्या पकडीवर उभी असल्यामुळे हा मोह विशेष घातक असतो.

तिसरी बाब बसण्याच्या पद्धतीची. एकेरी शर्यतीत स्वार कोपरे टेकवून पुढच्या पट्ट्यांवर हात ठेवतो. तेथे ब्रेक नसतात. ते खालच्या हँडलच्या टोकांना असतात. हात तेथवर नेण्यास लागणारा वेळ अल्प असला तरी वाऱ्याचा झोत त्याहून अल्प वेळात येतो. शरीर पुढे गेल्यामुळे मागच्या चाकावरील भारही काहीसा घटतो. म्हणून पुलावर येण्यापूर्वी, उतार सुरू होण्यापूर्वी किंवा मोकळ्या माळावर निघण्यापूर्वीच हात खालच्या हँडलवर घेण्याची सवय अनुभवी स्वार लावून घेतात. झोत आल्यावर हात हलविणे म्हणजे नेमक्या चुकीच्या क्षणी पकड सोडणे होय.

७

तासाच्या विक्रमाचा पुढील इतिहास या सर्व चर्चेला एक वेगळी बाजू देतो. विसाव्या शतकाच्या अखेरीस संघाने मर्क्सच्या काळातील सायकलसदृश सायकलवर केलेलाच तासाचा विक्रम खरा, असे ठरविले. चकतीचाके त्यातून वगळली गेली, आणि मोझर व त्याच्यानंतरच्यांचे आकडे वेगळ्या वर्गात घालण्यात आले. २७ ऑक्टोबर २००० रोजी ख्रिस बोर्डमनने मँचेस्टर येथे तारांच्या चाकांवर ४९.४४१ किलोमीटर अंतर तोडले; मर्क्सपेक्षा अवघे १० मीटर अधिक. २०१४ मध्ये हा भेद पुन्हा काढून टाकण्यात आला आणि धावपट्टीवरील प्रचलित सायकल, दोन्ही चकत्यांसह, मान्य झाली. त्याच वर्षीच्या सप्टेंबरात येन्स व्होइग्टने स्वित्झर्लंडमधील ग्रेन्खेन येथे नवा विक्रम केला आणि ८ ऑक्टोबर २०२२ रोजी फिलिप्पो गान्नाने तेथेच ५६.७९२ किलोमीटरपर्यंत मजल मारली.

छताखालच्या धावपट्टीवर आडवा वारा नाही. तेथे एकट्या स्वाराच्या पुढच्या चाकाला चकती असली तरी सुरक्षिततेचा प्रश्न जवळजवळ उद्भवत नाही. आणि तरीही तेथे चकती एकदा स्वीकारली गेली, एकदा नाकारली गेली व पुन्हा स्वीकारली गेली. कारण तेथील वाद आरंभापासून व्याख्येचा होता. उलट रस्त्यावर, जेथे खरा धोका होता, तेथे ‘मागे चकती, पुढे आरे’ ही रीत एकदा स्थिर झाल्यावर फारशी ढळली नाही. व्याख्या माणसांच्या संमतीने बदलतात. चिमट्याचा आस आणि वाऱ्याचा दाब संमतीने बदलत नाहीत.

या इतिहासातून सामान्य स्वाराला घेता येण्यासारखा बोध मर्यादित पण निश्चित आहे. नियमाने परवानगी दिली आहे, एवढ्यावरून एखादे चाक त्या दिवशीच्या वाऱ्यात सुरक्षित ठरत नाही. आणि एखाद्या स्पर्धेत मनाई आहे, एवढ्यावरून ते सर्वत्र घातक ठरत नाही. सामूहिक शर्यतीतील नियम शेजाऱ्याचे रक्षण करतो. एकेरी शर्यतीत स्वाराला शेजारी नसतो. तेथे कोणते चाक लावावे याचा अखेरचा निर्णय, काही सेकंदांचा लाभ एका बाजूला व स्वतःचे हाडमांस दुसऱ्या बाजूला ठेवून, त्याला स्वतःलाच करावा लागतो. तो करताना चाकाच्या किमतीपेक्षा आणि विजेत्यांच्या आकड्यांपेक्षा मार्गावरील पूल, मोकळी माळराने, स्वतःचा वेग आणि हँडलवरील आपली पकड यांचा विचार त्याच्या अधिक उपयोगी पडेल.